गाल पेटतात अन् ट्यूब लावली की शांत होतात? आधी ट्यूबवरचं नाव वाचा

ताई, चुलीपुढं बसलं की गाल पेटतात, मेडिकलमधली ट्यूब लावली की दोन दिवसांत थंड होतात अन् सोडली की दुपटीनं येतात, हे तुमचं वाचलं अन् माझेच दिवस आठवले. ऊन, ठेचा, गरम चहा यानं गाल पेटतात हे तुम्हाला माहीतच असेल, मी त्या ट्यूबवरच बोलते.

तालुक्याच्या एका दवाखान्यात मला "उष्णतेचे पिंपल आहेत" म्हणून मलम लिहून दिलं. किती दिवस लावायचं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, हीच माझी चूक. आठवड्यात चेहरा साफ झाला म्हणून १४ महिने लावत राहिले, मेडिकलवाला रिकामं खोकं पाहून नवीन द्यायचा. त्यात बीटामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉईड, लाली-सूज तेवढ्यापुरती दाबणारं औषध. कातडी पातळ झाली, गालावर बारीक शिरा दिसू लागल्या, साधा घामही झोंबायचा. परत दाखवायला गेले तर म्हणे "लावत राहा, सोडलं म्हणूनच वाढलं". ते वाक्य अजून सलतं. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण आमच्याकडे विचारतं कोण.

शेवटी नागपूरला स्किनच्या डॉक्टरांनी रोझेशिया सांगितला, म्हणजे चेहरा लाल होऊन पेटत राहतो तो कातडीचा आजार. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तांबूस काळपट दिसतं, म्हणून लोक पिंपल नाहीतर वांग समजतात. मलम बंद केल्यावर दीड महिना चेहरा सुजून आग आग झाली, नेमके कापूस वेचणीचे दिवस. मेट्रोनिडाझोल जेल अन् डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सूलनं हळूहळू उतरलं. मी डॉक्टर नाही, तुमचं वेगळं असू शकतं, अन् ट्यूब एकदम स्वतःच्या मनानं सोडू नका, डॉक्टरला दाखवून सोडा. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर गोळ्यांआधी ते सांगाच, अन् डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही, कारण रोझेशिया डोळ्यातही उतरतो.

लिंबू, तुरटी, हळदीचा लेप कोणी कितीही सांगो, मी तरी लावू देणार नाही. वावरात जाताना सुती दुपट्टा ओला करून बांधते, सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचं घेते, बाकीची मला झोंबतात. स्वयंपाक उन्हाळ्यात सहाच्या आतच उरकते, सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच लवकर उठवतात.

ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं कुठलं स्टेरॉईड आहे का बघा अन् इथं लिहा, मी रात्री जेवणं झाली की बघते.