पाऊच ओला बाहेर काढू नका

दातांचा नवा दवाखाना थाटताना खुर्ची कुठली घ्यावी यावर महिनाभर खल होतो, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करणारं यंत्र, मात्र असिस्टंटच्या भरवशावर. तसं करू नका. इन्स्ट्रुमेंट्स आधी घासून किंवा अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) स्वच्छ करा. रक्त वाळून चिकटलेलं असेल तर वाफ त्याखाली पोचत नाही. हँडपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग) मात्र अल्ट्रासोनिकमध्ये कधीच नको. त्याला तेल द्या, जास्तीचं उडवून टाका, मग पाऊचमध्ये (निर्जंतुक करायच्या कागदी पाकिटात) घाला.

पाऊच एकावर एक रचू नका, रॅकमध्ये उभे लावा. साध्या ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड दाब, ३० मिनिटं. वेळ तापमान गाठल्यापासून मोजायची. खरा घोटाळा वाळवताना होतो. पुढचा पेशंट खोळंबलाय म्हणून पाऊच ओलाच काढतात आणि ओल्या कागदातून हाताचे जंतू आत झिरपतात. मेहनत पाण्यात, अक्षरशः!

पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे वाफ लागली, एवढंच. जंतू मेले का, ते आठवड्याच्या स्पोअर टेस्टमध्ये (चिवट जिवाणूंचे बीजाणू आत ठेवून ते मरतात का, हे पाहणाऱ्या चाचणीत) कळतं. पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरच्या पाण्याने हीटरवर पांढरा थर चढतो. आणि दोन पेशंटांच्या मध्ये एअरोटर (हवेच्या दाबावर फिरणारा हँडपीस) २०-३० सेकंद नुसता चालवून नळीतलं पाणी सोडून द्या.