ॲक्टिव्ह स्पीकरची निवड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हॉल १२ बाय १८ फुटांचा आहे, छत १० फुटांवर. पुण्यातल्या एका डीलरकडे जेनेलेक ८३५१बी, डच अँड डच ८सी आणि एटीसी एससीएम४०ए या ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरच्या तीन जोड्या एकाच दिवशी ऐकायला मिळणार आहेत. वारंवार फेऱ्या मारणं जमणार नाही. तुलना कशी करावी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : निघण्याआधी डीलरला फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या. तिन्ही जोड्या आळीपाळीने एकाच ठिकाणी मांडता येतील का? तिन्हींना एकाच स्ट्रीमरवरून (नेटवर्क किंवा पेनड्राइव्हवरचं संगीत वाजवणारं यंत्र) सिग्नल देता येईल का? आणि पसंत पडलेली जोडी घरी डेमोला मिळेल का? तिसऱ्याला ‘नाही’ म्हटलं तर आम्ही दुसरा डीलर शोधू. खर्जाचा निकाल दुकानात लागतच नाही. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली आपण स्पीकरइतकीच खोलीही ऐकत असतो. ३४४ला (हवेतला ध्वनीचा वेग, मीटर प्रति सेकंद) खोलीच्या मापाच्या दुपटीने भागा (माप मीटरमध्ये). तुमच्या हॉलचे आकडे येतात ३१, ४७ आणि ५६ हर्ट्झ. तिथे बेस घुमणार. दुकानातल्या खोलीचे आकडे निराळे, म्हणून तिथला बेस तिथेच सोडून यायचा. दुकानात गळा, तंतुवाद्यं, टाळ-झांजा ऐका.

सगळ्यात मोठा घोळ आवाजाच्या पातळीत होतो. दोन स्पीकरांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर एक ‘मोठा’ वाजतोय असं वाटत नाही. तो ‘मोकळा’ किंवा ‘स्पष्ट’ वाटतो आणि तोच पसंत पडतो. प्रत्येकाची इनपुट संवेदनशीलता (किती सिग्नलला किती मोठा वाजतो ते) वेगळी असल्यामुळे स्ट्रीमरच्या एकाच व्हॉल्यूमवर तिन्ही जोड्या सारख्या वाजणार नाहीत. यासाठी ५०० ते २००० हर्ट्झपुरता पिंक नॉईज (चाचणीसाठीचा एकसारखा सरसर आवाज) पेनड्राइव्हवर न्या. आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तशी फाइल बनवता येते. पूर्ण पट्ट्याचा नॉईज घेतला तर खोलीने फुगवलेला बेसही मोजला जातो, आणि जिथे बेस जास्त घुमतो त्या स्पीकरचा गळ्याचा पट्टा तुम्ही नकळत खाली आणता. साउंड मीटरचं ॲप ‘स्लो’वर ठेवून फोन छोट्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या जागी उभा करा. हातात धरू नका. एकेका स्पीकरवर ७५ डेसिबल आणा आणि प्रत्येक जोडीसाठी व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. फोनचा आकडा काटेकोर नसला तरी चालतं, तिन्ही वेळा तो सारखा आला पाहिजे. पाव डेसिबलच्या आत जुळलं की पुरे. एटीसीला व्हॉल्यूम स्ट्रीमरवरूनच द्यावा लागतो, म्हणून तिघांनाही एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने ॲनालॉग सिग्नल द्या.

आता मांडणी. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, ट्विटर (वरच्या पट्ट्याचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा आणि न वाजणाऱ्या जोड्या खोलीबाहेर काढायला सांगा. शेजारी उभं असलेलं खोकं आवाज परतवतं. मात्र मागच्या भिंतीपासूनचं अंतर तिघांना एकच ठेवू नका. नेहमीच्या स्पीकरचा वूफर (खालच्या पट्ट्याचा मोठा स्पीकर) भिंतीपासून ६० सेंमीवर असला तर भिंतीवरून परत आलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला खातो आणि पुरुषी गळा पोकळ होतो. ८सीची रचनाच वेगळी आहे. सुमारे १०० हर्ट्झच्या वर तो बाजूच्या फटींच्या साहाय्याने मागे जाणारा आवाज कमी करतो, आणि त्याखालचं काम पाठीवरच्या दोन ८ इंची वूफरकडे असतं. तो भिंतीजवळ, १० ते ५० सेंमीवर, ठेवायचा असतो. पुढे ओढून बाकीच्यांच्या रांगेत लावला तर त्याच्यावर अन्याय होतो.

करेक्शन (खोलीनुसार आवाजाची दुरुस्ती) चालू आहे का, हेही ॲप उघडून दाखवायला सांगा. जेनेलेकला जीएलएम सॉफ्टवेअरने दुकानाच्या खोलीनुसार दुरुस्ती करून ठेवलेली असू शकते. एकाला करेक्शन आणि दुसऱ्याला नाही, अशा तुलनेला काही अर्थ नाही. आधी तिघांचंही बंद ठेवून ऐका.

ऐकताना सुरुवात एकाच स्पीकरवर, मोनोमध्ये करा. स्टिरिओच्या फैलावात जे दोष झाकले जातात ते एका स्पीकरवर लगेच उघडे पडतात. वीस-तीस सेकंदांचा तोच तुकडा तिघांवर लागोपाठ ऐका, कारण आवाजाचा बारीक तपशील कानात फार वेळ टिकत नाही. पूर्ण बंदिश नंतर. शक्य झाल्यास पातळ कापडाचा पडदा लावून बरोबरच्या माणसाला बदल करायला सांगा. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या १९९४च्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना वेगवेगळे गुण दिले. अनुभवी कानही याला अपवाद नव्हते. आणखी एक, हायवेवर गाडीच्या काचा बंद ठेवा. तीन-चार तास वारा ऐकून दमलेल्या कानाला वरचा पट्टा कमी जाणवतो. पोचल्यावर तासभर शांत बसा, मगच ऐकायला घ्या.

प्रश्न : शास्त्रीय गायनच जास्त ऐकतो. डेमोसाठी काय घेऊन जावं?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : रेकॉर्डिंगच्या आधी खरा तानपुरा ऐका, आणि त्यासाठी मिरजेसारखं गाव नाही. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या कारागिराच्या परवानगीने तो जवारी लावताना (घोडीवर तारेचा झंकार जुळवताना) तिथे थांबून ऐका. घोडी आणि तार यांच्यामधला दोरा केसभर सरकवला की बंद आवाज एकदम खुलतो. तो खुलण्याचा क्षण कानात ठेवा. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, पण त्याची ओळख वरच्या स्वरांशांच्या थरांत असते. चांगल्या स्पीकरवर ते थर सुटे आणि अखंड ऐकू येतात. क्रॉसओव्हरपाशी (वूफर आणि ट्विटरमध्ये आवाज वाटला जातो तिथे) गडबड असेल तर तानपुरा ‘झिंग’ करतो, पण जवारी ऐकू येत नाही.

सोबत डग्ग्यावरची मींड असलेलं स्वतंत्र तबलावादन न्या. घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला सरकता स्वर) खाली-वर जाताना एखादाच स्वर फुगत असेल तर ती खोली असू शकते. स्पीकर सरकवून पुन्हा ऐका. तिसरं, जवळून ध्वनिमुद्रित केलेला स्त्रीचा गळा, ‘स’ आणि ‘श’साठी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएम मुद्रिका आम्हालाही जिवापाड प्रिय आहेत, पण त्यांत खालचा आणि वरचा पट्टा फारसा नाहीच, त्यामुळे या कामी त्या अपुऱ्या पडतात.

प्रश्न : ॲक्टिव्ह स्पीकर घेतले. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडला की घूं आवाज येतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अर्थची पिन काढून टाका.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पिन काढू नका. धातूचं अंग असलेल्या उपकरणात बिघाड झाला तर तीच जीव वाचवते. आधी स्पीकरची सिग्नल केबल काढा. शांत झाला तर स्पीकर ठीक आहे. मग केबल परत लावून बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढून बघा. घूं थांबला तर अर्थचा लूप तिथूनच येतोय: डिशच्या वायरचा एक अर्थ आणि स्पीकरच्या प्लगचा दुसरा. सर्वांत सरळ उपाय म्हणजे टीव्हीतून ऑप्टिकल केबल घ्या. तिच्यात तांबं नसल्याने लूपच तुटतो. स्पीकरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर छोटा डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारी डबी) मध्ये लावा. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणा.

आरसीएमधून (मधे एक पिन आणि भोवती कडी असलेली जोडणी) एक्सएलआरला जायचं असेल तर दोन तारा आणि जाळी असलेली केबल वापरा. आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या २ला, बाहेरची कडी ३ला. जाळी एक्सएलआरकडे १ला आणि आरसीएकडे कडीला. बाजारातल्या तयार केबलमध्ये बऱ्याचदा १ आणि ३ एक्सएलआरच्या टोकालाच जोडलेले असतात. मग बॅलन्स्ड इनपुटचा (दोन तारांतला फरक घेऊन घूं कापण्याचा) फायदा निघून जातो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेजही तपासून घ्या. भार चालू असताना ते दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही बघावं लागेल. इन्व्हर्टर असल्यास शुद्ध साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर हे स्पीकर चालवू नका.

प्रश्न : आतला ॲम्प्लिफायर बिघडला तर अख्खा स्पीकर पाठवावा लागतो का?
– एक वाचक, विटा

उत्तर : मॉडेलवर अवलंबून आहे. अनेकांत मागचा ॲम्प्लिफायर स्क्रू काढून वेगळा करता येतो आणि तेवढाच कुरियरने जातो. घेण्याआधी डीलरकडून तसं लेखी घ्या, आणि मॉड्यूल भारतात दुरुस्त होतं की बाहेर जातं हेही विचारा. मूळ खोकी आणि आतला फोम मात्र माळ्यावर जपून ठेवा. ते नसतील तर वाहतुकीत कोपरे फुटतात.