पडद्यावरची साडी कोणाची? वेशभूषाकार, कपडेपट आणि 'डिझायनर'

प्रश्न असा आला आहे: चित्रपटातली नायिकेची साडी 'अमक्या डिझायनरची' म्हणून गाजते. श्रेयनामावलीत मात्र 'वेशभूषा' या शब्दापुढे वेगळंच नाव असतं, आणि बरंच खाली 'कपडेपट' म्हणून तिसरं. मग 'डिझायनर'साठी मराठीत वेशभूषाकार म्हणावं का? आणि नुसता कपडा पाहून तो कोणी केला हे ओळखता येतं का?

पहिल्या भागाचं उत्तर स्पष्ट आहे: सरसकट म्हणू नये. वेशभूषाकार पात्राला कपडे घालतो, डिझायनर आपल्या नावाचा कपडा करतो. कधी एकच माणूस दोन्ही कामं करतो, पण म्हणून ती कामं एक होत नाहीत. हा फरक मराठीत आधीपासून आहे, तो पुसू द्यायचा नसेल तर शब्द नीट वापरायला हवेत.

'वेश' आणि 'वेष' ही दोन्ही रूपं संस्कृतातून आलेली आणि दोन्ही पोशाखाच्या अर्थाने चालणारी आहेत. 'वेशभूषा' रूढ झालं म्हणून 'वेषभूषा' लिहिणाऱ्याला चूक ठरवायचं कारण नाही. महत्त्वाचा आहे तो दुसरा भाग. 'भूषा' म्हणजे सजवणं. रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा ही जोडगोळी नव्हे, त्रिकूट आहे, आणि तिघींचा विषय एकच: पात्र. म्हणून वेशभूषेत साडीइतकंच चपलेला, चष्म्याच्या काडीला, मंगळसूत्राच्या लांबीला आणि शर्टाच्या विटलेल्या कॉलरलाही स्थान आहे. गरीब शिक्षकाचा एकच कोट पूर्ण चित्रपटभर हळूहळू जुना होत जातो, हे वेशभूषेचं काम. त्या कोटाला 'डिझायनर कोट' कोणी म्हणणार नाही, पण तो कोणीतरी विचार करून ठरवलेलाच असतो.

इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहवत नाही: नेपथ्य. आज मराठी नाटकात नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची मांडणी, भिंती, दारं, फर्निचर. पण अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'आकल्पवेषौ नेपथ्यं प्रतिकर्म प्रसाधनम्' अशी ओळ आहे. म्हणजे तिथे नेपथ्य हा वेषाचाच पर्याय. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या, म्हणजे पोशाख, दागिने, रंग अशा बाहेरच्या साधनांनी होणाऱ्या अभिनयाच्या प्रकरणात नेपथ्याचे चार प्रकार येतात: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. पुस्त म्हणजे बनवलेल्या वस्तू, अलंकारात दागिने, माळा आणि वस्त्रं, अंगरचना म्हणजे शरीर रंगवणं, संजीव म्हणजे रंगमंचावर आणलेले प्राणी. एकाच शब्दात देखावा, कपडे आणि मेकअप सगळं मावत होतं. मराठीने त्यातून 'नेपथ्य' देखाव्याला दिलं आणि बाकीच्यांसाठी 'भूषा'वाले शब्द घेतले. ही वाटणी फार सोयीची झाली.

आता कपडेपट. 'रंगपट' ही मेकअपची खोली, त्याच घडणीचा 'कपडेपट'. हा शब्द जागेलाही लागतो आणि विभागालाही. कपडेपट सांभाळणारा माणूस कपडे ठरवत नाही. तो ते धुतो, इस्त्री करतो, उसवलेलं शिवतो, प्रवेशांच्या क्रमाने लावून ठेवतो. चित्रपटाच्या सेटवर त्याला ड्रेसमन किंवा आपुलकीने ड्रेसदादा म्हणतात. आदल्या दिवशी बाहीच्या दोन घड्या होत्या की तीन, पदर पिनेने लावला होता की मोकळा, हे त्याला माहीत असावं लागतं, कारण एकाच प्रसंगाचं चित्रीकरण आठवड्याच्या अंतराने होतं आणि पडद्यावर ते सलग दिसतं. पात्राचा पदर दोन वाक्यांच्या मध्ये खांदा बदलतो तेव्हा चूक वेशभूषाकाराची नसून बहुधा या सातत्याची असते.

'डिझायनर' शब्दाचं मराठीत काय झालं तेही पाहू. नाम म्हणून तो ठीक आहे. 'वस्त्रसंकल्पक' वगैरे शब्द कागदावर शोभतात, पण दुकानात किंवा घरात कोणी वापरत नाही. गोंधळ विशेषणाचा आहे. 'डिझायनर साडी'चा मूळ अर्थ नाव असलेल्या डिझायनरने केलेली साडी. आपल्या बाजारात तो अर्थ सरकून 'भरपूर काम असलेली साडी' असा झाला. गल्लीतल्या मास्टरजींनी मागच्या गळ्याला लटकन आणि बाहीला जरदोजी लावली की तो डिझायनर ब्लाउज. या अर्थाला चूक म्हणता येणार नाही, तो पक्का रुळला आहे. मात्र त्यामुळेच पडद्यावरचा कुठलाही भरजरी कपडा लोकांना 'डिझायनर' वाटतो आणि साधी सुती साडी वाटत नाही, मग ती एखाद्या मोठ्या नावाने खास विणून घेतलेली का असेना.

कपडा कोणाचा आणि श्रेय कोणाला, हा घोटाळा आपल्याकडेच झाला असं नाही. 1954च्या 'सॅब्रिना' या हॉलिवूडपटात ऑड्री हेपबर्नचे गाजलेले पोशाख पॅरिसचे डिझायनर युबेर द जिव्हांशी यांच्या संग्रहातून आले होते, पण वेशभूषेचं श्रेय आणि ऑस्कर वेशभूषाकार ईडिथ हेड यांना मिळालं. जिव्हांशींचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. त्या चित्रपटातल्या आडव्या, खांद्यापासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या गळ्याला 'सॅब्रिना' हेच नाव पडलं. आपले शिंपी जवळपास त्याच गळ्याला 'बोटनेक' म्हणतात. त्यातलं बोट हाताचं नव्हे, होडीचं. कडा होडीच्या काठासारखी उथळ वळते म्हणून.

आपल्याकडे 2002च्या 'देवदास'च्या वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार नीता लुल्ला, अबू जानी, संदीप खोसला आणि रझा शरीफी या चौघांना मिळून होता. तेव्हा 'देवदासमधली साडी कोणाची' या प्रश्नाला 'कुठली साडी, कुठल्या पात्राची' असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

वेशभूषाकार या शब्दाचा पूर्ण अर्थ बघायचा असेल तर कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं काम बघावं. 'आम्रपाली'साठी (1966) त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं, आणि त्या चित्रपटात नजरेत भरणारा एकही 'डिझायनर' कपडा नाही. आहेत ते काळाबरोबर आणि माणसाबरोबर बदलत गेलेले कपडे. त्याच हातांनी 'ब्रह्मचारी'साठी (1968) मुमताज यांची नारिंगी साडी केली, जी नेसायची नव्हतीच, शिवून चेन लावलेली होती.

यातून प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी, म्हणजे कपडा पाहून ओळखण्यासाठी, पहिली खूण मिळते. नाचात गिरक्या घेऊनही निऱ्या त्याच जागी, त्याच रुंदीच्या राहत असतील आणि कमरेपाशी खोचल्याचा फुगवटा नसेल, तर साडी शिवलेली आहे. म्हणजे ती बहुधा त्या अभिनेत्रीच्या मापाने, त्या चित्रपटासाठी झाली. नऊवारीचंही तसंच. नेसलेल्या नऊवारीत मांडी घालून बसलं की निऱ्या दबतात, काष्ट्याची ओढ मागे दिसते. शिवलेलीत निऱ्या पंख्यासारख्या उभ्याच राहतात. खऱ्या नऊवारीचा नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कपडा शरीराभोवती जो जाडपणा देतो, तोही शिवलेलीत नसतो.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. चित्रीकरणानंतर संगणकावर रंग बदलले जातात. पडद्यावरची मोरपंखी साडी दुकानात हिरवी निघते. दृश्य थांबवून बांधणी पाहा: गळ्याची कड, खांद्याची शिवण, बाही जिथे जोडली ती जागा, काठ कोपऱ्यात कसा वळवला आहे. भरतकाम कुठे आहे तेही बघावं. फक्त चित्रपटासाठी केलेल्या कपड्यात काम बहुतेक वेळा कॅमेऱ्याला दिसेल तिथे, म्हणजे गळा, बाही आणि पदराच्या पुढच्या भागात दाटलेलं असतं. विक्रीसाठी केलेल्या कपड्याला गिऱ्हाईक उलटसुलट करून बघणार, म्हणून त्यात काम सगळीकडे सारखं वाटलेलं असतं. अगदी बारीक रेघांचं कापड पडद्यावर पाण्यासारखं हलतं, म्हणून ते टाळतात; डिझायनरच्या मूळ संग्रहात बारीक रेघा आणि चित्रपटात साधा रंग असेल तर कपडा मुद्दाम बदलून घेतलेला असू शकतो.

पावसाच्या किंवा मारामारीच्या प्रसंगात एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात. हातमागाची पैठणी कोणी पावसात चार वेळा भिजवत नाही. तिथे बहुधा यंत्रमागाची जोडीदार असते. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी फिरते. पदर उडाला आणि मागे सुटे धागे दिसले, तर ती अशी हाताने विणलेली पैठणी बहुधा नव्हे.

आणखी एक चुकीची वाट म्हणजे डिझायनरच्या स्वतःच्या पेहरावावरून त्याचं काम ओळखू पाहणं. डिझायनर कार्ल लागरफेल्ड पांढरी शेंडी, उंच कडक कॉलर, काळा चष्मा आणि बोटं उघडी ठेवणारे हातमोजे यांत वावरत, आणि शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी बायकांचे ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे सूट करत. इटालियन डिझायनर जॉर्जिओ अरमानी स्वतः बहुधा साध्या गडद निळ्या टी-शर्टमध्ये दिसत. याला 'शैली' म्हणायला हरकत नाही. उलट नेमका तोच शब्द आहे. 'शैली' आणि 'स्टाइल' ऐकायला सख्खे वाटतात, पण नातं नाही. स्टाइलचं मूळ लॅटिनमधल्या लेखणीत आहे, शैलीचं संस्कृत 'शील'मध्ये, म्हणजे स्वभाव आणि सवय यांत. माणसाचा रोजचा पेहराव ही त्याची शैली; त्याने दुसऱ्यासाठी केलेला कपडा हे त्याचं काम.

शेवटी खात्री श्रेयनामावलीच देते, आणि ती शेवटपर्यंत वाचावी लागते. 'वेशभूषा' खालचं नाव पूर्ण चित्रपटाचं. 'अमक्या कलाकाराचे पोशाख' असं वेगळं दिलं असेल तर ते तेवढ्याच पात्राचं. एखाद्या दुकानाचं किंवा डिझायनरचं नाव 'सौजन्य' किंवा 'आभार' यांत असेल, तर कपडा उसना किंवा भेट आलेला असण्याची शक्यता जास्त. म्हणून लिहिताना 'वेशभूषा अमक्यांची, लग्नाच्या प्रसंगातली साडी तमक्या डिझायनरची, कपडेपट सांभाळला फलाण्यांनी' असं लिहावं. वाक्य लांबतं, पण तिघांनाही आपापलं श्रेय मिळतं.