बागायत जमीन जिरायत धरली, मोबदल्यावर हरकत कशी घ्यायची?

प्रश्न: तलावाच्या संपादनात माझं दोन एकर जातंय. विहीर आहे, संत्र्याची बाग आहे, तरी निवाड्यात (मोबदला ठरवणाऱ्या आदेशात) जमीन जिरायत धरलीय आणि झाडंही कमी दाखवलीत. हरकत कशावर घेऊ?

उत्तर: भाऊ, "दर कमी वाटतो" एवढंच लिहून अर्ज देऊ नका, तो टिकत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २६ खाली आसपासच्या तशाच जमिनीचे आधीच्या तीन वर्षांतले व्यवहार काढून त्यातले जास्त दराचे अर्धे धरून सरासरी काढायची असते. तुमच्या बागायतीला जिरायतीचे व्यवहार लावले असतील तर पहिला मुद्दा तोच. खरेदीखतांच्या नकला काढा, सातबाऱ्यावरची विहिरीची आणि पिकाची नोंद जोडा. दुसरा मुद्दा कलम २९ चा, झाडं आणि विहीर. संयुक्त मोजणीच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि झाडांची संख्या, वय, फळावर आहेत की नाही हे ओळीने तपासा, आठ वर्षांची फळावरची बाग "रोपे" म्हणून लिहिलेली असते आणि सगळा फरक तिथेच पडतो. सोलेशियम (जमीन सक्तीने घेतात म्हणून मिळणारी जादा रक्कम) शंभर टक्के, वरचे वर्षाला बारा टक्के, हे सगळं मूळ आकड्यावरच चालतं.

आता नीट ऐका. टक्केवारीवर केस घेतो म्हणणाऱ्या एजंटला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. देऊच नका. नर्सरीवाला सांगतो म्हणून अधिसूचनेनंतर रातोरात दाटीने कलमं लावू नका, खोडाचा घेर बघितला की वय लगेच कळतं आणि मग तुमच्या खऱ्या झाडांवरही संशय येतो. आणि पैसे उचलताना "हरकत राखून, अंडर प्रोटेस्ट" असं लेखी दिल्याशिवाय उचलू नका, कलम ७७ प्रमाणे मुकाट्याने पैसे घेतले की वाढीव मोबदल्याचा अर्जच करता येत नाही. एजंट हे सांगत नाही.

मुदत: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे, कलम ६४ खाली लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गाचं वेगळं, तिथे लवादाकडे जावं लागतं.

ज्यांची जमीन अजून अधिसूचनेत आली नाही त्यांनी दर हंगामात ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद) स्वतः करा, बागेत उभं राहून फोटो टाका, फळबागेची नोंद सातबाऱ्यावर आली का ते तलाठ्याकडे बघा. दर हंगामात म्हणजे दर हंगामात, मोजणीवाले बांधावर आल्यावर नाही.