मिठी मारावीच लागते का, असं विचारलंस म्हणून

तू परभणीची. नवऱ्याला जर्मनीत न्यूर्नबर्गला नोकरी लागली आहे, चार वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही निघायच्या तयारीत आहात. आणि तू विचारलंस की, ताई, तिकडे साध्या ओळखीतही बायका-पुरुष एकमेकांना मिठी मारतात म्हणे, मला ते जमणार नाही, तर मी उद्धट ठरेन का? दुसरं, सासूबाई आल्यावर पोरीचे मुके घेतील, तर तिथली शाळा काही बोलेल का?

व्हिसा, ब्लू कार्ड, विमा, पत्ता नोंदवणं यातलं मी काही सांगत नाही. ते सरकारी पानांवर आहे आणि माझ्यापेक्षा नेमकं आहे. तुझा प्रश्न तिथे कुठेच नाही, आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी सरळ उत्तर. नाही, उद्धट ठरणार नाहीस. ऑफिसात, डॉक्टरकडे, शाळेत हात मिळवतात. तोही घट्ट, थोडका आणि डोळ्यांत बघून. २०२० च्या साथीनंतर तो हातसुद्धा कमी झाला, नुसतं हसून मान हलवली तरी भागतं. मिठी येते ती 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायला लागल्यानंतर. कुणाच्या घरी जेवायला गेलीस तर येताना हात मिळवतील आणि निघताना तीच बाई दारात जवळ घेईल. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता समोर असेल तो गळ्यात पडतो. वाढदिवसाला पडतात, पण वाढदिवसाच्या दिवशीच. आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्यास तर त्यांना ते अपशकुनासारखं वाटतं. नको असेल तर दोन पावलं अलीकडेच थांबून हात पुढे कर. समोरचा तो हात धरतो आणि विषय संपतो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या पुरुषांशी मी आजही असंच करते. आजवर कुणाचा चेहरा पडलेला पाहिला नाही.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते अंगाचं.

मी लातूरची. आमच्या घरी मिठी पाहिली ती दोनच वेळा, लेक सासरी निघताना आणि माणूस गेल्यावर. मला आठवतं तेव्हापासून बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाला कवेत घेतलेलं मी एकदाच पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही लातूरला गल्लीत पथारी टाकून बसलो होतो. दुपारी बापूंचा मावसभाऊ तिकडून आला, अंगभर माती. बापूंनी त्याला धरलं आणि दोघं उभ्याउभ्या हुंदके द्यायला लागले. मी लहान होते. घाबरले ती भूकंपाला नाही, बापूंना तसं बघून घाबरले.

त्यामुळे इथे जर्मनीत आल्यावर पहिल्या वाढदिवसाला शेजारीण हसत हसत गळ्यात पडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डोक्याला कळत होतं की ही आनंदानं आली आहे, पण अंग म्हणत होतं, कोण गेलं? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगते, कारण तुझंही तसं झालं तर स्वतःला मागासलेली, बुजरी समजू नकोस. ज्या अंगानं रडतानाच मिठी पाहिली त्याला वेळ लागणार.

आपली माणसं एकमेकांना हात लावत नाहीत असंही नाही. उलट आहे. एस.टी.त जागा नसली की अनोळखी बाई न विचारता लेकरू मांडीवर ओढून घेते. बहीण बहिणीची वेणी घालते, पाय दाबते. दोन बापे लातूरच्या गंजगोलाई बाजारातून हातात हात घालून चहाला जातात. ईदला शेजारचे चाचा बापूंना तीनदा गळ्याला लावायचे, आणि तिथे बापूही कधी अंग चोरायचे नाहीत. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटतात. नवरा-बायको मात्र चारचौघांत हातभर अंतरावर. इथे नेमकं उलटं बघशील. नवरा-बायको रस्त्यात मुके घेतात, आणि दोन पुरुष हात धरून चालले तर लोक ते जोडपं समजतात. माझ्या नवऱ्याला त्याचा नांदेडचा मित्र भेटायला आला होता. दोघं स्टेशनपासून तसेच हात धरून आले. त्यात काही वाईट नाही, पण दिसतं काय ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

आणि आपल्याकडे सगळे सगळ्यांना जवळ घेतात असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. माझ्या आजीच्या उंबऱ्याबाहेर काही माणसं बसायची आणि त्यांच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं. त्यातली एक म्हातारी मला लांबूनच आशीर्वाद द्यायची. हात उचलायची आणि हवेतच थांबवायची. परदेशात कुणी आपल्या मायेची, आपल्या मोकळेपणाची गोष्ट काढली की मला तो हात आठवतो.

आता कागदांचं थोडं सांगते. तुला उपयोगाचं आहे, शिवाय सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझा जन्म आजोळी, औसा तालुक्यातल्या खेड्यात झाला. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात माझी नोंदच नव्हती. आयुष्यभर टी.सी.वर काम भागलं. इथे पोरगा झाला तेव्हा जन्मनोंदणी कचेरीनं आईबापाचे जन्मदाखले मागितले. माझा नव्हता. मग त्याच्या कागदावर शेरा बसला की आईची ओळख सिद्ध झालेली नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकराच्या पहिल्याच सरकारी कागदावर. आपल्याकडे वर्षानंतरची नोंद वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यामुळे बापू लातूर, औसा, लातूर असे हेलपाटे घालत राहिले. त्यानंतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून भाषांतर. त्यानंतर पडताळणी, त्यासाठी एक माणूस गावात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आला की ही पोरगी इथलीच का. तू निघायच्या आधी तिघांचेही जन्मदाखले काढ, नावासकट, आणि पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगचे. हे एवढं माझं ऐकच.

ते बाळंतपण. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. लातूरला असते तर सव्वा महिना शेक, शेगडी, धुरी, तेलाचं मालिश, सगळं झालं असतं, दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात अंगावर असता. इथे नवरा कामावर गेला की मी आणि बाळ. पण इथे एक चांगली पद्धत आहे. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, पहिले दहा दिवस हवं तर रोज, पुढे बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी, आणि खर्च विम्यात. गरोदर असल्याचं कळताच ती शोधायला लाग, उशीर केला तर मिळत नाही. माझी सुईण पन्नाशीची होती, बोलायला कोरडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्भाशय तपासायला तिनं पोटावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं, थांबेचना. ती हात काढून घेऊन क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला जवळ घेतलं तर चालेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हे विचारलं होतं. मी हो म्हणाले. तिनं घेतलं, बराच वेळ घेतलं, मग वजनकाटा काढून बाळाचं वजन केलं आणि पुढच्या घरी गेली.

एकटेपणाबद्दल लोक इथे लांबलचक लिहितात. मी एवढंच सांगेन की तो असतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त असतो. आणि मिठीवरून माणसाची जवळीक मोजू नकोस. दारात घट्ट कवेत घेणारी बाई पुढचे दोन महिने फोन करणार नाही, आणि त्यात तिच्या मनात काही नसतं. ती भेटीची रीत आहे, आपल्या रामरामासारखी. तिच्या घरी न सांगता बेल वाजवता येत नाही. जी बाई तुझ्या लेकीला ताप असताना औषधाच्या दुकानात जाऊन येईल ती तुझी. ती कदाचित कधीच मिठी मारणार नाही.

आता शाळा. हे मी शांतपणे लिहू शकत नाही.

पहिलीत जायच्या आधीच्या ऑगस्टमध्ये पोरगा लातूरला होता. चुलत-मावस भावंडं एका वाकळेवर झोपायची, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गल्लीभर फिरायची. सप्टेंबरात इथे पहिलीचा वर्ग सुरू झाला, आणि त्यानं शेजारच्या मुलाच्या गळ्यात हात टाकला. रोज टाकला. आम्हाला बोलावणं आलं. बाई सभ्य होत्या, आवाज चढवला नाही. पण घरात वातावरण कसं आहे, कुणी त्याच्याशी काही चुकीचं वागतं का, असं विचारलं. मुलांची काळजी म्हणून विचारतात हे मला कळतं. त्या दुसऱ्या मुलाला नको असेल तर माझ्या मुलानं हात काढायलाच हवा, हेही कबूल. पण सहा वर्षांच्या लेकराच्या मायेकडे त्या नजरेनं बघितलं, आणि वर्षाअखेरच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं की इतरांच्या शरीराच्या मर्यादा ओळखायला तो अजून शिकतो आहे. पहिलीला इथे गुण नसतात, वाक्यं असतात. गुण असते तर मी विसरले असते.

बव्हेरियात, म्हणजे न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच ठरतं कोण कुठल्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर मिळून सरासरी २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे त्याखालची, दहावीपर्यंतची, आणि इथे १ हा सगळ्यात चांगला गुण. आमचा २.६६ ला अडकला. पहिलीतल्या त्या वाक्याशी याचा संबंध नाही असं सगळे सांगतात, नवरासुद्धा. पण त्या वर्षानंतर तो वर्गात हात आखडून बसायला लागला, प्रश्न विचारेनासा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दहा वर्षांच्या लेकराची वाट अशी कापू नये, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तरी त्याच शाळेनं त्याला शिकवलं की माझं शरीर माझं आहे, आजीलाही नको म्हणता येतं. हे मला पटतं. मला लहानपणी कुणी शिकवलं असतं तर काही पाहुण्यांच्या मांडीवर मी बसले नसते. पण माझी आई आली, त्याच्या गालाकडे झुकली आणि तो "नको" म्हणाला, तेव्हा ती खुर्चीत मागे सरकून बसली आणि मला म्हणाली, "काय शिकवायलीस गं लेकराला? मी परकी हाय का?" मी दोघांच्या मध्ये उभी. शेवटी तोडगा तिनंच काढला. ती लांबूनच त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. कडाकड आवाज झाला की तो खूश. मग तोच रोज तिच्यापुढे येऊन उभा राहायला लागला.

तेव्हा तुझ्या सासूबाईंना आधीच सांगून ठेव, आणि तू सांगण्यापेक्षा त्यांच्या लेकानं सांगितलं तर बरं. घरात मुके घेतले म्हणून कुणी काही म्हणत नाही. पोरगी नको म्हणाली तर सोडायचं, एवढंच. दुसऱ्यांच्या लेकरांना मात्र हात लावायचा नाही. ट्राममध्ये गुबगुबीत बाळ दिसलं तरी गाल ओढायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. त्यांना हे जड जाईल.

बापूंचं सांगायचं राहिलं. मी इथून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ते जीप करून हैदराबादला घ्यायला आले होते. मी बाहेर आले आणि पाया पडायच्या ऐवजी त्यांना मिठीच मारली. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तशीच राहिली. म्हणाले, "दमली आसशील, चल." त्यांना ते आवडलं की नाही, मी कधी विचारलं नाही. पुढे ते गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. गल्लीतल्या बायका एकेक करून गळ्यात पडून मोठ्यानं रडत होत्या, रीतीप्रमाणे, मायेनं, आणि मी ताठ उभी. हात वर येईनात. इतकी माणसं एकदम अंगावर आल्यावर माझा जीव घुसमटला. किल्लारीच्या दिवशी जे बघून मी घाबरले होते त्याच्याच आत मी उभी होते, आणि तरी मला त्यांच्यासारखं रडता येईना. हे इथल्या वर्षांनी केलं की मी आधीच तशी होते, ते मला ठरवता येत नाही. तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. फक्त इथे राहून अंग बदलतं हे तुला कुणी सांगितलं नसेल.

लेकीचं म्हणशील तर बालवाडीत पहिले काही आठवडे आईबापापैकी एकाला तिच्याजवळ बसायला देतात, ते आठवडे चुकवू नकोस. तिथल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांग की ही लोकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर आहे, विचारून जवळ जायला आम्ही तिला शिकवतो आहोत. त्या तुझ्याआधी काही लिहिण्यापेक्षा तू आधी बोललेलं बरं. जे काही लिहून देतील ते घरी आणून शब्द न् शब्द वाच, आणि पटलं नाही तर तेही लेखी दे. मी दिलं नव्हतं, कारण तेव्हा माझी जर्मन तेवढी नव्हती. तू भाषेचा वर्ग परभणीतूनच ऑनलाइन सुरू कर. आणि सासूबाईंचा व्हिसा नव्वद दिवसांचाच मिळेल, तो मे महिन्यापासून पुढचा काढा.