रहस्य कादंबरीचा आराखडा आधी पूर्ण करावा की लिहिता लिहिता कथानक सुचू द्यावे?

इतर प्रकारांत दुसरा मार्गही चालतो. रहस्य कादंबरीत मात्र निदान गुन्ह्याची हकीकत आधी पक्की असावी, असे माझे मत आहे. कारण या प्रकारात दोन कथा एकाच वेळी चालतात: एक प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी त्याच्या शोधाची. पहिली कथा गुन्हेगाराच्या बाजूने, कोण कधी कुठे होते आणि कोणाला काय ठाऊक होते अशा तपशिलांसह, कालक्रमाने चार-पाच पानांत लिहून काढावी. ही पाने वाचकाला कधीच दिसत नाहीत, पण प्रत्येक धागादोरा त्यांतूनच निघतो.

इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी मांडलेल्या दहा नियमांपैकी एक आजही उपयोगी आहे: गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये. (त्यांचे काही नियम आता कालबाह्य वाटतात, हे वेगळे.) दुवा लपवायचा नसेल, तर त्यावरून लक्ष उडवावे लागते, म्हणजे महत्त्वाची वस्तू एखाद्या यादीच्या मधोमध ठेवावी, किंवा ती दिसताच भांडण, दारावरची थाप असे काही घडवावे, जेणेकरून वाचकाने ती पाहिलेली असते, पण तिचे मोल त्याच्या ध्यानात येत नाही.

प्रकरणांची तपशीलवार आखणी नसली तरी चालते. पहिला खर्डा झाल्यावर उकलीपासून मागे वाचत जावे आणि ज्या निष्कर्षाला आधीच्या पानांत आधार नाही, तिथे तो पेरावा.