फोर्ट स्टिकिन जिथे बांधले गेले, ते गाव

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटाविषयी आम्ही एप्रिलच्या अंकात एक टिपण दिले होते. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कॅनडात बांधले गेले होते, असे एक वाक्य त्यात ओघाने आले होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रे आली, की या वेळचे सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे.

माझे आजोबा १९४४ साली मशीद बंदराजवळच्या एका पेढीत कारकून होते. स्फोटाची हकिकत सांगताना ते जहाजाचे नाव नेहमी 'फोर्ट टिकीन' असे घेत. हे नाव कशाचे? आणि ते जहाज कॅनडातल्या कोणत्या गावात बांधले गेले?
— एक वाचिका, डोंबिवली

स्टिकिन ही ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून वाहत जाऊन अलास्काच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळणारी नदी आहे. तिच्या मुखाजवळ एकोणिसाव्या शतकात हडसन्स बे कंपनीचे, म्हणजे कातड्यांचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीचे ठाणे होते आणि त्याचे नाव फोर्ट स्टिकिन. युद्धकाळात कॅनडाने मालवाहू जहाजे चारशेच्या आसपास बांधली. त्यांपैकी ब्रिटनसाठी बांधलेल्या जहाजांना अशा जुन्या ठाण्यांची नावे देण्याची आणि कॅनडाने स्वतःकडे ठेवलेल्या जहाजांच्या नावाअखेरीस 'पार्क' हा शब्द लावण्याची पद्धत होती.

हे जहाज १९४२ साली प्रिन्स रूपर्ट या गावी तयार झाले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या अगदी उत्तर टोकाशी, अलास्काच्या हद्दीच्या थोडे खाली, केयन नावाच्या बेटावर हे गाव वसले आहे. तिथला पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. आकडा आपल्या कोकणाला ओळखीचा आहे, परंतु कोकणात जो पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, तो तिथे बाराही महिने रिपरिपत राहतो. रेल्वेच्या पश्चिमेकडील शेवटच्या स्थानकापाशी व्हँकूवरच्या तोडीचे बंदर उभे करायचे, या महत्त्वाकांक्षेने १९१० साली हे शहर रीतसर स्थापन झाले. ही कल्पना ज्यांनी उचलून धरली होती, ते रेल्वे कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स हेज १९१२ साली टायटॅनिक जहाजावर बुडाले, पुढे कंपनीचेही दिवाळे निघाले आणि मोठ्या बंदराच्या आशेने बांधलेली तरंगती गोदी एका मासेमारीच्या गावाच्या वाट्याला आली. १९४१ च्या जनगणनेत या गावाची वस्ती सात हजारांच्या आत होती.

युद्ध आले आणि त्याच गोदीत दहा हजार टन माल वाहणारी जहाजे बांधली जाऊ लागली. फोर्ट जातीच्या जहाजांचे पत्रे मुख्यतः रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकून जोडलेले असत. त्यासाठी लहान लहान टोळ्या काम करीत. एक जण भट्टीत रिव्हेट लालभडक करून चिमट्याने वर भिरकावी, दुसरा ते डब्यात झेलून भोकात बसवी, तिसरा आतल्या बाजूने जड लोखंड दाबून धरी आणि चौथा हवेच्या हातोड्याने रिव्हेटचे टोक चेपून टाकी. एका जहाजात अशी लाखो रिव्हेटे ठोकली जात. पुरुष सैन्यात गेल्यामुळे या कामांवर स्त्रियाही आल्या. ज्या गावात बहुतेकांची उपजीविका माशांवर होती, तिथे रात्रपाळीचा भोंगा ही रोजची गोष्ट झाली.

आपल्या आजोबांनी पाहिलेल्या दिवसाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. दोष जहाजाच्या बांधणीचा नव्हता, भरणीचा होता. सुमारे चौदाशे टन स्फोटके पोटात असलेल्या या जहाजावर कराचीला कापसाच्या हजारो गाठी चढवण्यात आल्या आणि ते १२ एप्रिलला मुंबईत लागले. १४ तारखेला दुपारी कापूस धुमसू लागला. चार वाजून गेल्यावर पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, असे दोन स्फोट झाले. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान आग विझवता विझवता मृत्युमुखी पडले, आणि म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत १९४३ साली रेशन आले, हे घरात ऐकले आहे. पण कॅनडा म्हणजे गव्हाचे कोठार. तिथल्या लहान गावातील माणसाला रेशनची झळ का लागावी?
— एक वाचक, सांगली

गहू तिथे मुबलक होता, हे खरेच. चणचण होती ती समुद्रमार्गे येणाऱ्या आणि समुद्रमार्गे पाठवायच्या जिनसांची. साखर, चहा आणि कॉफी जहाजाने येत असत आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या टपून होत्या. लोणी आणि मांस ब्रिटनला पाठवायचे होते. म्हणून जुलै १९४२ मध्ये साखरेला कुपने लागू झाली, ऑगस्टमध्ये चहा-कॉफीला, डिसेंबरमध्ये लोण्याला आणि मे १९४३ मध्ये मांसाला. पेट्रोल त्याआधीच, एप्रिल १९४२ पासून, मोजून मिळू लागले होते. साखर माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मिळे, आणि लोणीही आरंभी तेवढेच. आपल्याकडील त्या काळच्या टंचाईशी याची तुलनाच होऊ शकत नाही. १९४३ साली बंगालात माणसे अन्नावाचून रस्त्यावर मरत होती, आणि त्याच वर्षी कॅनडातील गृहिणी लोणी पुरवून कसे वापरावे याच्या पाककृती वाचत होती, हा फरक झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

तरीही त्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला मनापासून दाद देण्यासारखी वाटते. डिसेंबर १९४१ पासून कॅनडा सरकारने जवळपास सर्व वस्तूंच्या किमती आहेत तिथेच गोठवल्या, आणि त्यांवर पहारा ठेवण्याच्या कामी केवळ निरीक्षक नेमून न थांबता घराघरांतील बायकांची मदत घेतली. त्यांना एक छोटी निळी वही दिली जाई. नेहमीच्या दुकानातला वाणसामानाचा भाव तिच्यात टिपायचा आणि दुकानदाराने तो वाढवला की स्थानिक समितीला कळवायचे. दुकानात वही उघडून भाव ताडून पाहणारी बाई समोर उभी असली, की चार पैसे जास्त लावायला दुकानदार कचरत असणार. युद्ध संपेपर्यंत महागाई पुष्कळच आटोक्यात राहिली, त्याचे श्रेय या वह्यांनाही दिले पाहिजे.

प्रिन्स रूपर्टसारख्या गावाला दोन गोष्टींचा आधार होता. मासळीवर रेशन नव्हते, आणि हॅलिबट व सॅमन या माशांवरच तर गाव जगत होते. शिवाय फळे टिकवण्यासाठी साखरेचा वेगळा कोटा मिळे, त्यामुळे उन्हाळ्यात रानातली बोरांसारखी आंबटगोड फळे वेचून बरण्या भरणे चालू राहिले. तळणाची उरलेली चरबी मात्र फेकायची नाही, डब्यात साठवून द्यायची, असे फर्मान होते, कारण तिच्यातून निघणारे ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागे. मुले शाळेत पंचवीस सेंटचे युद्धबचत तिकीट विकत घेऊन वहीत चिकटवीत. सोळा तिकिटांचे, म्हणजे चार डॉलरांचे, साडेसात वर्षांनी पाच डॉलर मिळणार होते.

एवढ्याशा गावाच्या वृत्तपत्रात युद्धाच्या दिवसांत छापत तरी काय असत? खरी बातमी लोकांना कळत होती का?
— एक निवृत्त शिक्षक, अमरावती

गावाचे स्वतःचे 'डेली न्यूज' हे दैनिक १९११ पासून निघत होते आणि ते २०१० पर्यंत चालले. अशा लहान गावांच्या पत्रांत त्या वर्षांत युद्धकर्जरोख्यांच्या मोहिमा, रेडक्रॉससाठी मोजे विणणाऱ्या मंडळांच्या बैठका, कुपनांच्या तारखा, मासळीचे भाव, लग्ने आणि कोणाकडे कोण पाहुणे आले, हे सारे शेजारी शेजारी येत असे. त्याच पानावर एखाद्या दिवशी गणवेशातील मुलाचे छायाचित्र आणि 'बेपत्ता' हा शब्द येई. सरकारची तार घरी आधीच पोहोचलेली असे. गाव लहान असल्यामुळे तार देणारा मुलगा कोणाच्या फाटकाशी थांबला, हे पत्र छापून येण्याआधीच आळीभर झालेले असणार.

गावाच्या डोळ्यांसमोर जे घडत होते, त्यातले फार थोडे छापता येई. जपानने जून १९४२ मध्ये अलास्काची अट्टू आणि किस्का ही बेटे घेतली. त्या वर्षी अमेरिकी सैन्याने प्रिन्स रूपर्टला अलास्काकडे माणसे व सामान पाठवण्याचे ठाणे केले आणि गावची वस्ती बघता बघता कितीतरी पट फुगली. स्कीना नदीच्या काठाने टेरेस या गावापर्यंत तोफा आणि शोधदिवे बसवलेली चिलखती आगगाडी गस्त घालू लागली. ती गाडी रोज पाहणाऱ्या माणसाला तिच्याबद्दल पत्रात मात्र वाचायला मिळायचे नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याच टेरेसच्या छावणीत सक्तीने भरती केलेल्या सैनिकांनी परदेशी लढाईवर जाण्यास नकार देऊन बंड केले. कॅनडाच्या लष्करी इतिहासात त्याहून मोठे बंड झालेले नाही. ते पाचेक दिवस चालले, आणि त्याची बातमी दाबण्याचा सरकारने कसून प्रयत्न केला.

दुसऱ्या टोकाला मुंबईतही तेच झाले. गोदीतल्या स्फोटाची हकिकत ब्रिटिश सरकारने जवळजवळ महिनाभर सविस्तर बाहेर जाऊ दिली नाही, आणि पहिली वार्ता जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दिली. ज्यांनी त्या जहाजाची रिव्हेटे ठोकली, त्यांच्या पत्रात १५ एप्रिलला ही बातमी येणे शक्यच नव्हते.

या युद्धात कॅनडाच्या आणि मराठा पलटणीच्या सैनिकांची कधी गाठ पडली का?
— एक माजी सैनिक, सातारा

होय. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मोरो नदीपाशी पहिली कॅनेडियन डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी लढत होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच बटालियनचे. मोरोच्या काठावर कॅनेडियन सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. तिथून जवळच, सांग्रो नदीच्या दफनभूमीत, अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे.

प्रिन्स रूपर्टच्या परिसरात जपानी वंशाचे कोळी पुष्कळ होते, असे वाचले. मी स्वतः कोळी समाजातला आहे. त्यांच्या होड्यांचे पुढे काय झाले?
— एक वाचक, वर्सोवा

आपला प्रश्न या सदरातला सर्वांत जड प्रश्न आहे. स्कीना नदीच्या मुखाशी सॅमन पकडणारी आणि कारखान्यांत तो डबाबंद करणारी जपानी वंशाची कुटुंबे होती. त्यांपैकी अनेकांचा जन्म कॅनडातच झाला होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलाच्या तळावर जपानने हल्ला केला आणि लगोलग कॅनडाच्या नौदलाने या कोळ्यांच्या होड्या ताब्यात घेतल्या. सबंध किनाऱ्यावर मिळून त्या बाराशेच्या आसपास होत्या. उत्तरेकडच्या कोळ्यांना ऐन हिवाळ्यात, खवळलेल्या समुद्रातून, आपल्याच होड्या पार दक्षिणेला फ्रेझर नदीपर्यंत पोहोचवाव्या लागल्या. तिथे त्या एकमेकींना बांधून ठेवल्या गेल्या. भरती-ओहोटीत एकमेकींवर आपटून त्यांच्या फळ्या फुटल्या. लाकडी होडी देखभालीवाचून नुसती बांधून ठेवली, की तिचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

फेब्रुवारी १९४२ मध्ये किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातून जपानी वंशाच्या सर्व माणसांना हलवण्याचा हुकूम निघाला. एकूण सुमारे बावीस हजार माणसे उठवली गेली. त्यांतील हजारोंना व्हँकूवरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतींत, ठेवले गेले आणि मग डोंगराळ भागातील ओस पडलेल्या खाणगावांत पाठवले गेले. मागे राहिलेली घरे, शेते, दुकाने आणि होड्या 'सांभाळण्यासाठी' सरकारी विश्वस्ताकडे दिल्या होत्या. होड्या तर लवकरच विकल्या गेल्या, आणि बाकीची मालमत्ताही मालकांच्या संमतीशिवाय विकण्याची मुभा सरकारने जानेवारी १९४३ मध्ये घेतली.

हे संरक्षणासाठी आवश्यक होते, असे म्हणणारे आजही भेटतात. ते खरे नाही. वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याला या लोकांपासून धोका दिसत नसल्याचे सांगितले होते. कॅनडात जन्मलेल्या एकाही जपानी वंशाच्या माणसावर घातपाताचा आरोप झाला नाही, हे खुद्द पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी १९४४ साली संसदेत मान्य केले. होडीवर वर्षानुवर्षे डोळा ठेवून असलेल्या स्पर्धकांचा आणि वंशद्वेषाचा त्यात मोठा वाटा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

युद्ध १९४५ साली संपले, तरी किनाऱ्यावर परतण्याची बंदी १ एप्रिल १९४९ पर्यंत उठली नाही. सरकारने माफी मागितली ती २२ सप्टेंबर १९८८ रोजी, आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २१,००० डॉलर दिले. जे कोळी १९४९ नंतर स्कीनाच्या मुखाशी परत आले, त्यांतल्या अनेकांना मासळी डबाबंद करणाऱ्या कंपन्यांकडून कर्ज घेऊन दुसरी होडी घ्यावी लागली.